तिसऱ्या पावसाळ्यातला फोन

(गिरगावातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीचं काम करतात.)

मंडळी, नमस्कार. या व्यासपीठावरून आधी कोण कोण बोलून गेलंय ते मघाशी चहा पिताना कळलं आणि माझे हात गार पडले. मी बोलणारा माणूस नाही. माझं काम मान खाली घालून, मायक्रोस्कोपखाली. लॅमिंग्टन रोडला एका चिमुकल्या गाळ्यात मी बावीस वर्षं मोबाइल उघडतोय. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना ते नाव माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालेलं नाही.

विषय दिलाय, मधल्या किमतीचा फोन कसा निवडावा. हे मोघम बोलण्यात अर्थ नाही. घरात घडलेलीच गोष्ट सांगतो.

२०२४ च्या गणपतीत माझी धाकटी बहीण मोदक घेऊन आली आणि म्हणाली, दादा, फोन गेला. कसा गेला? तर पर्समध्ये पाण्याची बाटली गळली. ती नालासोपाऱ्याहून चर्चगेटला कामाला जाते, लेडीज डब्यात. पर्स छातीशी धरलेली, त्यात डबा, छत्री, बाटली आणि फोन. अंधेरी येईपर्यंत फोन पाण्यात बसला होता. मी उघडला, आयपीएनं, म्हणजे बोर्ड धुवायच्या स्पिरिटनं धुतला, दोन दिवस झटलो. बोर्डावर हिरवट बुरशीसारखं आलं होतं, चार्जिंगची लाइन पूर्ण खाल्लेली. डेड.

नवीन फोनसाठी तिच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, दोन नावं काढून ठेवली होती. एक नथिंग फोन २ए, दुसरा सॅमसंगचा गॅलॅक्सी ए३५. दोन्ही मार्च २०२४ मध्ये आलेले. येताना २ए ची सुरुवातीची किंमत २३,९९९ रुपये आणि ए३५ ची ३०,९९९. दोन्ही ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोअरेज. भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्यानं वहीच्या पानावर रकाने आखले होते, जो पुढे त्याला बरोबरची खूण. २ए ला अकरा खुणा, ए३५ ला पाच. म्हणाला, मामा, निकाल लागला.

त्याच्या खुणा खोट्या नव्हत्या, हे आधी सांगतो. २ए मध्ये डायमेन्सिटी ७२०० प्रो ही चिप, म्हणजे फोनचा मेंदू, ४ नॅनोमीटरची; हा आकडा जितका लहान तितकी घडण बारीक. ए३५ मध्ये एक्झिनॉस १३८०, ५ नॅनोमीटरची. पहिली थोडी चपळ आहे, गेम खेळणाऱ्याला ते जाणवतं. पडदे दोन्हींचे अमोलेड, १२० हर्ट्झ, म्हणजे बोट फिरवलं की पान लोण्यासारखं सरकतं. बॅटरी दोन्हीकडे ५००० एमएएच. चार्जिंग २ए चं ४५ वॉटचं, ए३५ चं २५ चं. चार्जर मात्र दोघांच्याही खोक्यात नाही. साखरपुड्याला बोलावून जेवण डब्यात आणा म्हणावं तसं वाटतं मला हे, पण आता सगळ्यांनीच ती पद्धत पाडलीय. तेव्हा बजेट धरताना चार्जरचे पैसे वेगळे धरा.

कॅमेऱ्यावर लोक फार भांडतात, मी दोन मिनिटांत उरकतो. २ए ला मागे ५०-५० मेगापिक्सेलचे दोन. ए३५ ला ५०, ८ आणि ५ असे तीन. तिसरा तो ५ वाला अगदी जवळून मुंगीचा फोटो काढायला, आणि मुंगीचा फोटो माणूस पहिल्या आठवड्यात एकदा काढतो. मुख्य कॅमेरा दोन्हींचा ५०, पण तोही चार ठिपक्यांचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतो. हात हलला तर भिंग सावरणारी यंत्रणा, ज्याला ओआयएस म्हणतात, ती दोन्हींत आहे. सेल्फीला २ए चा ३२, ए३५ चा १३. बहिणीनं विचारलं, ऑफिसचा कागद स्कॅन होईल ना? होईल. विषय संपला.

आता पाणी.

भाच्याच्या वहीत 'आयपी' असा एक रकाना होता, म्हणजे फोन धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा. २ए समोर ५४, ए३५ समोर ६७. त्यानं ए३५ ला एक खूण दिली होती. सेल्फीलाही एक खूण, पाण्यालाही एकच. मुंबईत राहणाऱ्या मुलानं! हे आकडे जोडीनं वाचायचेच नसतात. पहिला आकडा धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा, शून्य ते नऊ. चोपन्न म्हणजे धूळ थोडीफार अडते आणि कुठूनही शिंतोडे उडाले तर चालतं. सदुसष्ट म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास पडला तरी आत पाणी नाही. चोपन्न म्हणजे छत्री आहे, सदुसष्ट म्हणजे रेनकोट चेन लावून. बाटली गळून पर्सच्या तळाशी तळं साचतं तिथं छत्रीचा काय उपयोग?

पण त्यातही गोम आहे. ही परीक्षा गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या फोनवर होते. मरीन ड्राइव्हला भरतीची लाट अंगावर घेताना खिशात फोन असेल तर ते खारं पाणी, त्याची हमी कोणी देत नाही. पाणी अडवतं कोण? पाठ चिकटवणारा गम आणि सिमच्या ट्रेला असलेला नाजूक रबरी वॉशर. फोन एकदा हीट गन लावून उघडला आणि कारागिरानं नवा गम नीट बसवला नाही, की सदुसष्टचे झाले शून्य. मी हे गिऱ्हाइकाला बिल देताना सांगतो, सगळे सांगत नाहीत. आणि पाण्यानं गेलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत, खोक्यावर ६७ छापलेलं असलं तरी. आत एक पांढरी टिकली असते, ओली झाली की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला आधी ती बघतो, मग तुमच्या तोंडाकडे.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग तांदळात ठेवायचा का?)

काकू, तांदळाचा भात करा. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढत नाही, उलट चार्जिंगच्या भोकात पीठ जाऊन बसतं आणि ते मला टाचणीनं काढावं लागतं. भिजला की पहिलं काम, बंद करा. चालू होतोय का हे बघायला बटण दाबू नका, चार्जरला तर लावूच नका. नुसत्या पाण्यानं फोन लगेच मरत नाही. पाणी आणि करंट एकत्र आले की तांबं झिजायला लागतं, आणि ते काही तासांत होतं. मग थेट कारागिराकडे.

२००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा नवशिक्या होतो, उस्तादांच्या हाताखाली. पुढचे आठ दिवस आमच्या टेबलावर बटणांच्या फोनांचे ढीग. पाठ नखानं उघडायची, बॅटरी हातानं काढायची, सहा स्क्रू, बोर्ड बाहेर, ब्रशनं धुवायचा आणि टेबल लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली वाळत घालायचा, पापडासारखा. दहातले कितीतरी जिवंत झाले. आज तसं होत नाही, कारण आज बॅटरी चिकटवलेली, पाठ चिकटवलेली. आत पाणी जायला जागा कमी, हे खरं, पण गेलं तर निघायलाही जागा नाही. म्हणून आजच्या फोनला आधीच रेनकोट हवा.

दुसरी गोष्ट काच. ए३५ ला पुढे गोरिला ग्लास व्हिक्टस प्लस, २ए ला गोरिला ग्लास ५. पुढची काच ए३५ ची सरस. पण पाठ उलटी आहे. ए३५ ची पाठ काचेची, २ए ची प्लास्टिकची. लोकांना काच श्रीमंत वाटते. माझ्याकडे फुटलेल्या पाठी येतात त्या काचेच्या. प्लास्टिकला ओरखडे पडतील, ते फुटणार नाही. तेव्हा ए३५ घेणार असाल तर कव्हर पहिल्या दिवसापासून. आणि कुठलाही फोन घेण्याआधी त्याच्या अस्सल फोल्डरची, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले मिळून येणाऱ्या भागाची किंमत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. अमोलेडचा फोल्डर महाग असतो. भाच्याच्या वहीत हा रकानाच नव्हता. दोन्ही पडदे सपाट आहेत एवढं मला आवडलं. कडेला वळलेल्या पडद्यावर साधी टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही.

आता वय. मी फोनचं वय पावसाळ्यांत मोजतो. पहिल्या पावसाळ्यात सगळे फोन चांगले. गम सुटायला, बॅटरी उतरायला, फोन हळू व्हायला तिसरा पावसाळा लागतो. ए३५ अँड्रॉइड १४ वर आला. कंपनीनं चार मोठे, म्हणजे नव्या अँड्रॉइडचे, अपडेट आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट कबूल केले, म्हणजे २०२९ पर्यंत. २ए ला तीन मोठे आणि चार वर्षं सुरक्षेचे, २०२८ पर्यंत. एक वर्षाचा फरक, त्यात काय? बहिणीचा पगार, गॅसचं बिल, मुलाची फी, सगळं फोनवर. जुन्या अँड्रॉइडवर बँकांची ॲप एक दिवस चालायची थांबतात. फोन धडधाकट आणि पैसे पाठवता येत नाहीत, अशी माणसं माझ्याकडे येतात आणि मला काहीच दुरुस्त करता येत नाही. ए३५ मध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोयही आहे. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणाऱ्यांसाठी ती सोन्यासारखी. बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्क्यांवर ताटकळणं, दोन्ही मानवत नाही.

मेमरी कार्डही ए३५ मध्ये घालता येतं, दुसऱ्या सिमच्या जागी. २ए मध्ये नाही. गुड मॉर्निंगचे फोटो पुसायला ज्यांचा जीव होत नाही त्यांच्यासाठी हे सांगितलं. हसू नका, माझी बहीण त्यातलीच.

आता २ए च्या बाजूनं बोलतो, नाहीतर भाचा रागावेल. वजन १९० ग्रॅम, ए३५ चं २०९. रुंदी ७६.३ मिलिमीटर, ए३५ ची ७८. कागदावर हा फरक काहीच नाही. मी बहिणीला दोन्ही फोन दुकानात हातात घ्यायला लावले. उजवा हात वर, कडी धरल्यासारखा, आणि डाव्या अंगठ्यानं पासवर्ड टाक म्हटलं. सेल्समन बघत राहिला. २ए तिच्या हातात बसला, ए३५ एकदा निसटता निसटता राहिला. आणि सात हजार रुपये म्हणजे तिच्या घरात लहान रक्कम नाही. त्या दिवशी ती अर्धा तास घुटमळली.

लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलणाऱ्यांसाठी एक आडवळण घेतो. रुळांच्या कडेला चोर काठी घेऊन उभे असतात, हातावर फटका मारतात, फोन खाली. त्याला आयपी नाही. बिल जपून ठेवा, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे. फोन गेला की पोलिसांत तक्रार आणि मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो नंबर ब्लॉक करता येतो. २०२३ च्या मे महिन्यापासून ही सोय आहे. फोन मिळेलच असं नाही, पण चोराच्या कामाचा राहत नाही.

कुणी म्हणेल, हे फोन जुने झाले. झाले. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जागी फोन ३ए आणि ए३६ आले. ३ए ला आयपी६४, म्हणजे धुळीत सुधारला, पाण्यात तिथंच. ए३६ ला ६७ कायम, पण मेमरी कार्डाची जागा काढून टाकली. रकाने तेच ठेवा, आकडे बदला.

(श्रोत्यांतून प्रश्न: शेवटी घेतला कोणता?)

ए३५. सात हजारांसाठी तिनं हप्ते केले. भाच्यानं पुढच्या महिन्यात स्वतःसाठी २ए घेतला, आणि त्याच्यासाठी तो बरोबरच होता. तो घरून कॉलेजला चालत जातो, फोन बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्याला गेम लागतात. बहिणीचा फोन मी अजून उघडलेला नाही. भेटली की आधी पर्स उघडून बघतो. पाण्याची बाटली अजून तीच आहे, झाकण ढिलं, आणि फोनच्या शेजारीच.