चालू अणुभट्टी आणि होऊ घातलेली अणुभट्टी

मित्रहो, हवामानबदलाच्या चर्चेत अणुऊर्जेचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडची मंडळी एकाच प्रश्नावर भांडत राहतात: अणुऊर्जा हवी की नको? मला वाटते, इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. उभी असलेली भट्टी चालू ठेवावी का, हा एक प्रश्न. आणि नवी उभारावी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कार्बनच्या हिशेबाने मिळते, दुसऱ्याचे तेवढ्याने मिळत नाही.

आधी हिशेब पाहू. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत इंधन म्हणून सरकवली जाते ती ३७ नळ्यांची, जेमतेम अर्धा मीटर लांबीची जुडी. नळ्यांमध्ये नैसर्गिक युरेनियमच्या ऑक्साइडच्या लहान लहान गोळ्या ठासलेल्या असतात. अशा एका जुडीतून ढोबळमानाने दहा लाख युनिट वीज निघते. तेवढ्याच विजेसाठी आपल्याकडचा कोळसा जाळायचा म्हटले तर सहाशे-सातशे टन, म्हणजे मालगाडीच्या दहा-बारा वाघिणी लागतील. खाणीपासून प्रकल्प मोडीत काढेपर्यंतचे सगळे उत्सर्जन धरले, तरी आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०१४ च्या अहवालात अणुविजेच्या एका युनिटमागे १२ ग्रॅम आणि कोळशाच्या युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, असे मध्यक (निरनिराळ्या अंदाजांतले मधले आकडे) दिले आहेत.

म्हणूनच जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तो निर्णय मला चुकीचा वाटतो. जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ मधल्या अणुअपघातानंतर जर्मनीतल्या लोकांना वाटलेली भीती खरी होती, तिची चेष्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्या दिवशी लिग्नाइट या सर्वांत मळकट कोळशावरची केंद्रे तिथे चालूच होती. आधी ती बंद व्हायला हवी होती.

नव्या प्रकल्पांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे ग्रॅमइतकीच वर्षेही मोजावी लागतात. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिल इथे ईपीआर या युरोपीय आराखड्याच्या जातीच्या भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले आणि ती ग्रिडला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात; फिनलंडमधल्या ओल्किलुओटोची तिसरी भट्टी २००५ ते २०२३ रखडली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या ज्या सहा भट्ट्या योजल्या आहेत, त्या याच जातीच्या. २०१० मध्ये फ्रान्सशी करार झाले. प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन आणि शेजारच्या साखरी नाटे या गावांच्या परिसरात त्याच्या आगेमागे जमीन संपादन, मोर्चे, लाठीमार आणि २०११ मध्ये गोळीबारही झाला. ज्या कोळशाला हा पर्याय म्हणून मांडला गेला, तो मात्र या सगळ्या काळात जळतच राहिला. उलट आपल्याच आराखड्यावर बांधलेली तारापूरची चौथी भट्टी २००० ते २००५ एवढ्या काळात कार्यान्वित झाली होती. ती गती पुढे टिकली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे: गुजरातमधल्या काकरापारच्या तिसऱ्या भट्टीचे काम २०१० मध्ये सुरू होऊन ती २०२० मध्ये क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली अणुविखंडनाची साखळी स्वतःहून चालू राहू लागली, आणि तिच्या व्यापारी उत्पादनाला २०२३ उजाडले.

वेळेइतकाच महत्त्वाचा आहे विश्वास. साखरी नाट्याचे मच्छीमार कार्बनचे आकडे नाकारत नाहीत. भट्टी थंड करून समुद्रात परत सोडलेले कोमट पाणी खाडीच्या तोंडाशी मासळीचे काय करील, हा त्यांचा प्रश्न आहे. आपण शहरात बसून हवामानाचा हवाला देतो, तेव्हा त्यांना ते आपली जाळी काढून नेण्याचे निमित्त वाटते, आणि तारापूरच्या विस्तारासाठी गाव सोडावे लागलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांची आठवण ठेवली तर हा संशय अनाठायी म्हणता येत नाही. जैतापूरबाबत माझे मागणे म्हणूनच साधे आहे: पाण्याच्या तापमानाची आणि मासळीची मोजणी प्रकल्पाच्या यंत्रणेबाहेरच्या शास्त्रज्ञांनी, नाट्याच्या मच्छीमारांना होडीत सोबत घेऊन करावी, आणि तिचे आकडे पहिले काँक्रीट पडण्याआधी मराठीत गावच्या चावडीवर लावावेत.