बाहीवर दोन शहरं, छातीवर एकही नाही

[दृश्य : टोरांटोचं रॉजर्स सेंटर. पडद्यावर अक्षरं : वर्ल्ड सीरीज, सातवा सामना, १ नोव्हेंबर २०२५]

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या अंतिम फेरीचा हा शेवटचा सामना. नववी इनिंग, म्हणजे एरवी शेवटची. चार-चार अशी बरोबरी. तिन्ही बेसवर टोरांटो ब्लू जेजचे खेळाडू, एकच आउट. तिसऱ्या बेसवर आयझाया कायनर-फालेफा. त्याचा पाय होम प्लेटला लागला, म्हणजे धाव पूर्ण झाली, की ब्लू जेज ३२ वर्षांनी चॅम्पियन.

डॉल्टन वार्शोनं चेंडू जमिनीलगत मारला. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मिगेल रोहासनं तो अडवला. अडवताना त्याचा तोल गेला, तो सावरला आणि त्यानं कॅचर विल स्मिथकडे थ्रो केला. आता नीट बघा, कारण हे हळू केल्याशिवाय दिसत नाही. चेंडू घेताना स्मिथचा पाय प्लेटवरून किंचित उचलला गेला आणि पुन्हा टेकला. त्याच वेळी कायनर-फालेफा घसरत आत आला, पण स्मिथचा पाय क्षणभर आधी टेकला होता. आउट. रिप्ले पाहूनही निर्णय तोच राहिला. पुढचा फटका उंच गेला, दोन फील्डर एकमेकांवर आदळले, आणि तरीही अँडी पाहेसनं झेल पकडला. अकराव्या इनिंगमध्ये त्याच स्मिथनं होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे. डॉजर्स ५, ब्लू जेज ४.

बेसबॉलप्रेमी आता महिनोन्‌महिने या एका चेंडूवर वाद घालतील. कायनर-फालेफा बेस सोडून फार पुढे आलेलाच नव्हता. दोन पावलं जास्त घेतली असती तर? त्याच्यावर खापर फोडणं मला पटत नाही. फटका हवेतून सरळ फील्डरच्या हातात गेला असता, तर पुढे आलेला धावक परतेपर्यंत बाद झाला असता. त्याला जपून राहायला सांगितलं होतं, तो जपून राहिला.

पण बेस सोडून किती पुढे यायचं हा प्रश्न निघाला, की कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ॲथलेटिक्स संघाच्या माझ्यासारख्या चाहत्याला एकच माणूस आठवतो.

[दृश्य : जुनं चित्रीकरण. हिरवा-पिवळा पोशाख, २४ क्रमांक]

रिकी हेंडरसन. ओकलंडमध्ये वाढलेला, ओकलंड टेक शाळेत शिकलेला. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, नजर चुकवून पुढचा बेस गाठायचा, याला बेस चोरणं म्हणतात. रिकीनं कारकिर्दीत १४०६ बेस चोरले. दुसऱ्या क्रमांकावरच्या लू ब्रॉकचे ९३८ आहेत. १९८२ च्या एका हंगामात रिकीनं १३० चोरले. पहिल्या बेसपासून तो पुढे सरकायचा, गुडघे वाकवायचा, हाताची बोटं सारखी हलत असायची, आणि सगळ्या मैदानाला ठाऊक असायचं की आता हा पळणार. पिचरलाही ठाऊक असायचं. तरी पळायचा आणि पोचायचा.

२० डिसेंबर २०२४ ला रिकी गेला. सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. त्याच्या तीन महिन्यांहूनही कमी काळ आधी त्याचं मैदान बंद झालं होतं. २६ सप्टेंबरला ओकलंड कॉलिझियममध्ये ॲथलेटिक्सचा शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक आले. टेक्सास रेंजर्सना आपण ३-२ असं हरवलं. मी अजूनही ‘आपण’ म्हणतो. ती सवय सुटत नाही.

तेव्हा हा २०२५ चा हंगाम माझ्यासाठी ओकलंडमध्ये मेजर लीगचा संघ नसलेला पहिला हंगाम होता. १९६८ पासून असं कधी झालं नव्हतं.

[दृश्य : वेस्ट सॅक्रामेंटोचं सटर हेल्थ पार्क, दुपारचं ऊन]

संघ सध्या इथे खेळतो. एरवी हे खालच्या श्रेणीतल्या रिव्हर कॅट्स संघाचं मैदान, जेमतेम चौदा हजारांचं. घरचा पहिला सामना ३१ मार्चला झाला आणि शिकागो कब्जनी १८-३ असा धुव्वा उडवला. संघाचं अधिकृत नाव आता नुसतं ‘ॲथलेटिक्स’. पुढे शहराचं नाव नाही. २०२५ च्या जर्सीच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोची खूण, दुसऱ्या बाहीवर लास व्हेगसची, कारण २०२८ मध्ये तिकडे नवं स्टेडियम उघडायचा बेत आहे. दोन बाह्यांवर दोन शहरं, आणि छातीवर एकही नाही. सॅक्रामेंटोच्या लोकांनी संघाला जागा दिली, उन्हात बसून टाळ्या वाजवल्या, पण त्यांचं नाव लावायलाही संघ तयार नव्हता. मला याचा राग येतो, आणि तो सॅक्रामेंटोच्या वतीनंही येतो.

खेळाडूंबद्दल मात्र माझ्या मनात कसलाही आकस नाही. निक कुर्ट्झ हा पहिल्याच वर्षी खेळणारा मुलगा, २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये त्यानं एका सामन्यात चार होम रन मारले. सहा वेळा बॅटिंगला आला, सहाही वेळा हिट. जेकब विल्सननं ०.३११ ची सरासरी राखली, म्हणजे हजारात ३११ हिट, आणि मेजर लीगच्या अमेरिकन लीग या गटात त्याच्या पुढे फक्त ॲरन जज होता. रूकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्या वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, याच्या मतदानात कुर्ट्झ पहिला आणि विल्सन दुसरा. असे दोघं एकाच वर्षी मिळायला नशीब लागतं. ओकलंडमध्ये हे दोघं खेळले असते तर उजव्या बाजूच्या स्वस्त बाकड्यांवरचे ढोल रात्रभर थांबले नसते.

आता पैशांचं बोलू. २०२५ मध्ये डॉजर्सच्या नावानं सगळीकडे शिमगा चालू होता. म्हणे त्यांनी पैशांच्या जोरावर खेळ नासवला, लागोपाठ दुसरं विजेतेपद विकत घेतलं, आता पगारावर मर्यादा घाला. मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आहे, त्यामुळे हा सूर वाढतच जाणार. माझं मत याच्या उलट आहे. डॉजर्सनी प्रेक्षकांकडून आलेला पैसा संघावर लावला. योशिनोबू यामामोतोनं वर्ल्ड सीरीजचा सहावा सामना सुरू केला, जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा हातात चेंडू घेऊन तोही संपवला. शोहेई ओहतानीनं १७ ऑक्टोबरला एकाच सामन्यात सहा इनिंग धाव न देता दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे नुसत्या चेंडूफेकीवर बाद केलं, आणि स्वतः तीन होम रन मारले. हे बघायला मिळालं म्हणून मी कुणाची माफी मागणार नाही.

खेळाचं नुकसान करतो तो खर्च न करणारा मालक. आमच्याकडे काय झालं ते बघा. २०२२ च्या मार्चमध्ये मॅट ओल्सन अटलांटाला गेला, मॅट चॅपमन टोरांटोला. त्याच डिसेंबरात शॉन मर्फीही अटलांटाला. चांगला तयार झालेला प्रत्येक खेळाडू बाहेर, आणि २०२३ मध्ये ११२ पराभव. त्यानंतर प्रेक्षक येत नाहीत हो, म्हणून गळा काढला. प्रेक्षक यायला तयार होते. १३ जून २०२३ ला चाहत्यांनी ठरवून गर्दी केली. २७,७५९ जण आले, त्यातले हजारो जण संघ विका असं सांगणारे हिरवे टीशर्ट घालून. त्या रात्री संघ जिंकलासुद्धा. पाच महिन्यांनी इतर सगळ्या मालकांनी एकमतानं लास व्हेगसला होकार दिला. तीसपैकी एकाही संघाचं मत विरोधात पडलं नाही. एकाचंही नाही.

आणि ओकलंड सोडल्याबरोबर तिजोरी उघडली. लुईस सेवेरिनोला तीन वर्षांचे ६७ दशलक्ष डॉलर, या संघाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार. बिचाऱ्याची सॅक्रामेंटोतली कामगिरी बाहेरच्या मैदानांपेक्षा कितीतरी वाईट झाली. प्रतिस्पर्ध्यांना घरच्या मैदानावर त्यानं जवळपास दुप्पट धावा दिल्या.

[दृश्य : कॉलिझियम, जून २०२५. मैदानाच्या मधोमध खेळपट्टी]

या मैदानाचं पुढे काय झालं हे मराठी प्रेक्षकांना सांगायलाच हवं. १२ जून २०२५ ला इथे मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या टी-ट्वेंटी स्पर्धेचा हंगाम सुरू झाला. कॉलिझियम गोलाकार आहे. फाउल रेषांच्या, म्हणजे बेसबॉलच्या हद्दीच्या, बाहेर इथे जेवढी मोकळी जागा आहे, तेवढी बेसबॉल लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याच मैदानात नव्हती. बेसबॉलवाले त्याबद्दल कुरकुर करायचे, क्रिकेटला ती सोयीची ठरली. सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन ॲलननं पहिल्याच सामन्यात ५१ चेंडूंत १५१ धावा केल्या. १९ षटकार. टी-ट्वेंटीच्या एका डावात एवढे षटकार आधी कुणीच मारले नव्हते.

इथल्या मराठी मंडळींना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. फ्रीमाँट, मिलपिटासहून बार्ट ही लोकल ट्रेन पकडून लोक आले. स्टेशनवरून निघणारा तो लांब पादचारी पूल तोच, मैदान तेच. क्रिकेट माझंही पहिलं प्रेम. पण काही मित्र म्हणाले, बरं झालं, बेसबॉल गेला आणि आपला खेळ आला. हे मला मान्य नाही. याच जमिनीवर १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन वर्षं चॅम्पियन ठरलेला संघ खेळला. २००२ मध्ये सलग विसावा विजय इथे मिळाला, स्कॉट हॅटेबर्गच्या होम रननं, ११-० ची आघाडी घालवून बसल्यावर. रिकीनं लू ब्रॉकचा विक्रम इथेच मोडला, १ मे १९९१ ला. क्रिकेटला इथे जागा मिळावी, जरूर मिळावी. कुणाच्या तरी घराला कुलूप लागलं म्हणून ती मिळाली, हे विसरायचं मात्र नाही.

[दृश्य : वेस्ट ओकलंड, रायमोंडी पार्क. लाकडी बाकं, मुलं, झेंडे]

हंगामातली माझी सर्वांत आवडती गोष्ट शेवटी ठेवली आहे, आणि ती लीगच्या बाहेरची आहे. ओकलंड बॉलर्स. पायोनियर लीगमधला छोटा संघ, २०२४ मध्ये खेळू लागला. वेस्ट ओकलंडमधलं पडीक सार्वजनिक मैदान त्यांनी काही महिन्यांत उभं केलं. चाहत्यांना शेअर विकले, त्यामुळे प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी जणांची संघात थोडी का होईना मालकी आहे. २०२५ मध्ये या संघानं ७३ सामने जिंकले. अंतिम फेरीत आयडाहो फॉल्सविरुद्ध पहिले दोन्ही सामने हरला. पाचांपैकी तीन जिंकायचे होते, म्हणजे आणखी एक पराभव आणि खेळ खलास. बॉलर्स घरी परतले आणि ओळीनं तिन्ही जिंकले. ओकलंडच्या बेसबॉल संघाला १९८९ नंतर मिळालेलं हे पहिलं विजेतेपद.

दर्जाच्या तुलनेत पडू नका. बॉलर्सचा पिचर ओहतानीपुढे उभा राहिला तर काय होईल हे मलाही कळतं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इथे सामना संपल्यावर मुलं मैदानात उतरतात, खेळाडू त्यांच्या टोप्यांवर सह्या करत उभे राहतात, आणि त्या टोपीवर संघाच्या नावाचं ‘बी’ हे आद्याक्षर असतं.  पुढच्या वर्षी हा संघ इथेच असेल का, ही धास्ती त्या मुलांच्या मनात नाही. कुर्ट्झचे सामने मी टीव्हीवर बघत राहीन. तिकिटाचे पैसे रायमोंडी पार्कला जातील.