आधी सावली बघा, मग दिवा घ्या

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब कित्येक वर्षं छताच्या मधोमध होता. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहायची, बल्ब तिच्या पाठीमागे, आणि तिचीच सावली हातातल्या मासळीवर. किती वेळा तिनं बोट कापून घेतलं! आम्ही काय केलं, तर आणखी मोठा बल्ब आणला. सावली नुसती जास्त गडद झाली. शेवटी ओट्यावरच्या फळीच्या खालच्या अंगाला दोन फुटी एलईडी पट्टी बसवली, तेव्हा तिला मासळीचा काटा न् काटा दिसायला लागला. आता वायरिंगच्या कामाला कुणाकडेही गेलो की आधी विचारतो, तुम्ही बसता कुठे, काम कुठे करता?

दुकानात मात्र आपण विचारतो, "किती वॅटचा?" वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड मोजतात लुमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर असतो. ९ वॅटचा चांगला एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. त्याच खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारे केल्विनही असतात. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. जांभ्याच्या भिंती आणि लाकडी तुळया उजेड पिऊन टाकतात, म्हणून लोक ओटीवर ६५०० चा झगझगीत दिवा लावतात. त्याखाली चिऱ्याचा तांबूस रंग पार मरून जातो. ओटीला ३००० घ्या, मुलांच्या अभ्यासाला ४०००.

दुकानदारांनी आणखी एक आकडा बघावा, सीआरआय. वस्तूचा रंग किती खरा दिसेल, ते तो सांगतो. कमी सीआरआयच्या हलक्या दिव्याखाली ताज्या सुरमईचे लालभडक कल्लेसुद्धा मळकट दिसतात आणि गिऱ्हाईक पुढे जातं. उलट पिवळ्या दिव्याखाली हिरवट हापूस तयार झालेला वाटतो. घरी जाऊन दिवसाच्या उजेडात पेटी उघडली की त्या माणसाला काय वाटत असेल? मासळी आणि आंब्यासाठी ९० च्या वरचा सीआरआय घ्या. थोडा महाग पडतो, पण घ्याच.

बाहेरच्या दिव्यांना आपली कोकणातली खारी हवा खाते. लोखंडी पट्टी आणि साधे स्क्रू बघता बघता गंजतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा आणि फिटिंगवर आयपी ६५ लिहिलेलं आहे का बघा. त्यात धूळ शिरत नाही आणि पावसाची झड आली तरी पाणी आत जात नाही.

आणि किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडली की ज्या बाजूला जास्त उजळ दिसेल तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. तुमच्या गच्चीवर पांढरा फ्लडलाइट असला, तर ती तुमच्या कुंपणाकडे वळतात आणि तिथेच दमून मरतात. नोव्हेंबर ते मे, तेवढे महिने तरी समुद्राकडे तोंड केलेला दिवा रात्री बंद ठेवा. पाहुण्यांना वाट दिसायला हवी, तर गुडघ्याएवढ्या उंचीवर, वरून झाकलेला, गडद नारिंगी दिवा पायरीकडे वळवून लावा. मग तुम्ही स्वतः वाळूत उतरा, मागे वळून घराकडे बघा. दिवा डोळ्यांत येत असेल तर आणखी खाली घ्या.