काटा तेरावर

(दृश्य : सकाळचे साडेसात. अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजचं शटर वर जातंय. आत बॉनेट उघडून उभी असलेली जुनी फोर बाय फोर.)

गेल्या मे महिन्यात ही गाडी तुळजापूरच्या घाटात दमली.

सोलापूरकराला हा घाट पाठ असतो. सगळा मिळून 45 किलोमीटरचा रस्ता. तामलवाडी मागे पडली, बालाघाटाचे डोंगर समोर आले, की हात आपोआप गिअरवर जातो. त्या दिवशी गाडीत घरची सात माणसं होती, मांडीवर पुरणपोळीचा डबा होता. एरवी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर आणावी लागली. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. मला वाटलं, ऊन आहे, लोड आहे, होणारच. तशीच रेटली. पंधरा दिवसांत टर्बो गेला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा.

ही हकीकत ऐकून मिस्त्री एवढंच म्हणाले, "गाडी महिनाभर सांगालती ओ मालक. तुमच्याकडं ऐकायला काय नव्हतं."

ते ऐकायचं साधन आज बसतंय.

(दृश्य : तळहातावर बूस्ट मीटर. काळी तबकडी, पांढरे आकडे.)

52 मिलिमीटरची तबकडी. आकडे 0 ते 30. हौस म्हणून लावणारे पुष्कळ आहेत, रात्री निळा उजेड पडतो, छान दिसतं. मी मात्र तो काट्यासाठी घेतला.

हे 30 कशाचे? पंक्चरच्या दुकानात आपण सांगतो, "पुढं 32, मागं 35." तेच माप. पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब. आपल्या डोक्यावरच्या हवेलाही दाब असतो. समुद्रकाठी तो 14.7 भरतो. सोलापूर साधारण 450 मीटर उंचावर, त्यामुळे इथे 14 च्या जरा खाली. मीटर हा दाब मोजतच नाही. बाहेरची हवा म्हणजे त्याचा शून्य. शून्याच्या वर जे दिसेल ती टर्बोची कमाई, तिलाच बूस्ट म्हणतात. काटा 14 वर गेला, की इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या दुप्पट झाला असं समजायचं.

टर्बोची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूत जोर असतो, तो सायलेन्सरमधून फुकट जातो. त्याच्या वाटेत एक पंखा ठेवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा लावायचा, आणि त्या दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबायची. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युची यांनी 1905 साली याचं पेटंट घेतलं. आजच्या गाडीतला हा दांडा जोरात असताना मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि तो तरंगतो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. लाखावर फेरे. मला हा आकडा कळला तेव्हापासून मी ऑइल बदलायला एक दिवसही उशीर केलेला नाही.

आता काळ्या धुराचं. डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही तर ते अर्धवट जळतं, आणि उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. म्हणजे धूर दिसला याचा एक अर्थ असा असू शकतो, की टर्बोनं कोंबलेली हवा वाटेत कुठंतरी गळतेय. आणि गळती असली की तेवढाच दाब राखायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं. मी घाटात गाडी रेटत होतो तेव्हा तो दांडा काय सोसत होता, ते आज कळतं.

(दृश्य : मिस्त्री टॉर्च घेऊन इंजिनावर वाकलेले.)

मीटर दोन तऱ्हेचे मिळतात. एकात सेन्सर इंजिनापाशी बसतो आणि आत फक्त वायर येते. दुसऱ्यात बारीक नळीतून हवाच थेट मीटरपर्यंत येते. आमचा दुसरा. त्याच्या पोटात पितळेची एक वाकडी, चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते, आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा हलतो. फ्रान्सच्या युजेन बुर्दों यांनी 1849 साली ही नळी काढली, वाफेच्या इंजिनांसाठी. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे वाजायचे त्या काळात बॉयलरवरचा काटा याच नळीवर चालायचा. आज पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर बघा, तीच नळी आहे. तिला ना बॅटरी लागते ना प्रोग्रॅम. जुन्या गाडीला मी हाच मीटर सुचवीन.

इंजिन रात्रभर थंड झालेलं. मिस्त्रींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : हवा घ्यायची कुठून?

"हे बघा," त्यांनी टॉर्च टर्बोवर धरला. टर्बोच्या अंगावरून एक बोटभर नळी शेजारच्या डबीत जाते. "सोपं म्हणून पोरं हितंच टी मारत्यात. हितं मारायचं नाही."

टी म्हणजे नळी कापून मध्ये बसवायचा तीन तोंडांचा जोड. त्या डबीला वेस्टगेटचा ॲक्चुएटर म्हणतात. दाब ठरल्यापेक्षा वाढला की हीच डबी एक झडप उघडते आणि टर्बोचा वेग आवरते. आता तिच्या नळीला टी मारला आणि पुढे कधी तो टी सैल झाला, तर डबीला खरा दाब कळणारच नाही. झडप बंद राहील, टर्बो आवरणार नाही. दाब मोजायला लावलेली वस्तूच गाडीच्या जिवावर उठायची.

मग टॉर्च ब्रेकच्या मोठ्या डब्याकडे गेला. तिथली जाड नळी व्हॅक्यूमची. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम पंप तयार करतो आणि ब्रेक त्याच्यावर हलका होतो. बूस्टचा आणि तिचा काही संबंध नाही. "ह्याला तर हात बी लावायचा नाही," मिस्त्री म्हणाले, आणि ते त्यांनी दोनदा म्हटलं.

योग्य जागा इंटेक मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपची. हवा टर्बोतून निघाली, इंटरकूलरमधून थंड झाली, सगळे होज, म्हणजे जाड रबरी नळ्या, ओलांडून सिलिंडरच्या दाराशी आली, तिथला दाब खरा. आमच्या मॅनिफोल्डवर बोल्ट मारून बंद केलेलं एक भोक निघालं. बोल्ट काढला, आट्यांना सीलंट लावून तिथं पितळेची तोटी आवळली. प्रत्येक गाडीत असं भोक सापडेलच असं नाही. ड्रिल मारायची वेळ आली तर पाइप खाली उतरवूनच मारावा. जागेवर ड्रिल मारलं तर धातूचा कीस थेट इंजिनात जातो.

तोटीच्या तोंडाशी सुईच्या नाकाएवढं भोक असलेली छोटी गुंडी बसवली. तिच्यामुळे काटा थरथरत नाही, आणि उद्या मीटरची नळी तुटली तरी हवा फार जात नाही.

(दृश्य : नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत येतेय. कॅमेरा क्लचच्या पायाशी.)

नळी आत आणण्यासाठी पत्र्यात नवं भोक पाडलं नाही. वायरी आत येतात त्या भोकात जाड रबरी ग्रोमेट असतो, त्यालाच टोच्यानं छिद्र पाडून, साबणाचं पाणी लावून नळी सरकवली. वाटेत ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून वीतभर लांब ठेवली, दर थोड्या अंतरावर पट्टी बांधली. कुठंही ती मुडपली तर काटा खोटं बोलतो.

दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या वायरीला, मध्ये फ्यूज, काळी वायर बॉडीला. हे काम दहा मिनिटांचं. मीटर डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या डावीकडे बसवला, मान न वळवता दिसेल असा. पुढच्या काचेशेजारच्या खांबावर लावायची फॅशन आहे, पण ज्या गाडीत पडद्याची एअरबॅग त्या खांबातून उघडते, तिथं काहीही चिकटवणं धोक्याचं.

नवी कॉमन रेल गाडी असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. तिच्यात दाबाचा सेन्सर कंपनीनंच दिलेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये रीडर लावला की मोबाइलवर आकडा येतो. फक्त तो किलोपास्कलमध्ये असतो आणि बाहेरची हवा धरून असतो. सोलापुरात चावी ऑन, इंजिन बंद ठेवून बघा, 96 च्या आसपास दिसेल. गाडी चालताना जो आकडा येईल त्यातून तेवढे वजा करा आणि 6.9 नं भागा, झाले पीएसआय. एक अडचण अशी, की साध्या रीडरचा नेहमीचा कोड 255 च्या पुढे मोजत नाही. तुमची गाडी त्याहून जास्त दाब करणारी असेल तर आकडा चढणीवर अडकल्यासारखा वाटेल.

(दृश्य : गाडी सुरू. तबकडीचा क्लोज-अप.)

इंजिन सुरू झालं. काटा शून्यावर. जागेवर रेस दिली, काटा जरासा हलला आणि परत बसला. लोड नसताना टर्बोला जोर नसतो, त्यामुळे गॅरेजात उभ्या उभ्या काही कळत नाही. बॅटरीवरची धूळ पुसत मिस्त्री म्हणाले, "चला, देवीकडं जाऊन येऊ."

बाळ्यावरून हायवेला लागलो. सपाटीला 80 च्या वेगात काटा 4-5 च्या मध्ये. पाय दाबला की चढतो, सोडला की खाली. आजवर जे मी पायानं आणि कानानं चाचपत होतो ते डोळ्यांसमोर होतं. कोजागिरीला हा रस्ता पायी चालणाऱ्या माणसांनी भरून जातो. आज सकाळी कांद्याचे ट्रक आणि आम्ही.

घाट सुरू झाला. तिसरा गिअर, इंजिनाचे मिनिटाला 2200 फेरे, पाय पूर्ण खाली. काटा 8 वर जाऊन थांबला.

मिस्त्री गप्प. अर्ध्या चढावर पुन्हा तेच. 8. "तेराच्या आसपास यायला पाहिजे हिला," ते म्हणाले. "नवा टर्बो हाय. मग हवा जातीय कुठं?"

(दृश्य : घाटमाथा. गाडी बाजूला उभी, बॉनेट वर.)

गाडी लगेच बंद करू दिली नाही त्यांनी. मिनिटभर जागेवर चालू ठेवली. चढून आलेल्या टर्बोला ऑइल फिरून थंड व्हायला तेवढा वेळ लागतो. मग बंद.

इंटरकूलरच्या खालच्या होजवर त्यांनी बोट फिरवलं. वरचा भाग कोरडा. खालच्या बाजूला बोट ओलं झालं, आणि त्या ओलसरपणावर रस्त्याची सगळी धूळ चिकटून काळा लेप झालेला. टर्बोकडून येणाऱ्या हवेत ऑइलची थोडी वाफ असतेच. हवा जिथून निसटते तिथं ते ऑइल बाहेर येतं आणि धूळ धरून ठेवतं. बाटलीतलं साबणाचं पाणी त्यांनी तिथं टाकलं, मला रेस द्यायला सांगितलं. पंक्चरच्या ट्यूबसारखे बुडबुडे. क्लिपच्या आड, रबरातली चीर नखाएवढी.

दुसरीकडे टर्बो बदलला तेव्हा वरचा होज नवा टाकला होता. हा खालचा जुनाच राहिला. आपल्या उन्हात 40 अंशांच्या हवेचा दाब दुप्पट केला की ती 100 अंशांच्या पुढे तापते, इंटरकूलरपर्यंत हे सगळं याच रबरानं सोसायचं. पहिल्या टर्बोला यानंच मारलं का? आता ते सिद्ध करता येणार नाही. मला वाटतं, यानंच मारलं. आणि नवाही त्याच वाटेनं निघाला होता.

मिस्त्रींनी टेप गुंडाळून गाडी हळूहळू खाली आणली. दुपारी गॅरेजात नवा होज बसला, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. तोच घाट. फक्त तबकडी आणि इंजिनाचा आवाज.)

तोच चढ. तिसरा गिअर, 2200.

काटा 8 ओलांडून गेला. 10. 12. तेरावर आला आणि वळण संपेपर्यंत तिथंच राहिला. आरशात धूर नाही, नुसता रस्ता.

मिस्त्रींनी खिशातलं पेन काढलं. "सन व्हायझरच्या मागं लिहून ठेवा मालक. घाट, गिअर, फेरे, काटा. दर महिन्याला हितंच, असंच बघायचं. दुसरीकडचा आकडा चालत नाही." दहा-अकरावर उतरला तर होज आणि क्लिपा बघायच्या, एअर फिल्टर बघायचा. तेराच्या बराच वर गेला तर गाडी तिथंच हळू करायची, कारण मग ती वेस्टगेटची झडप उघडत नाहीये.

मी लिहिलं. तुळजापूर घाट, तिसरा, 2200, 13. खाली तारीख घातली, आणि पुढच्या महिन्यांसाठी जागा सोडली.