बकेटचे दात आणि डिचोलीची माती

(दृश्य : गोवा, डिचोली तालुका, लोहखनिजाची खाण. डोंगराला पडलेल्या पायऱ्या. सकाळ.)

डोंगर इथे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आहे. या पायरीला खाणीत बेंच म्हणतात. वर कडक जांभा, त्याखाली पिवळी-गुलाबी चिकणमाती, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप ते लोहखनिज त्याच्याही खाली. गोव्यात एक टन खनिज काढायचं तर साधारण अडीच ते तीन टन माती आधी उपसावी लागते. म्हणजे पोकलेनच्या, म्हणजे खोदयंत्राच्या, बकेटात दिवसभर जे येतं, त्यातलं बहुतेक विकायचं नसतंच. ते कुठेतरी नेऊन टाकायचं असतं, आणि ते कुठे टाकलं यावर खालच्या गावाचं शेत अवलंबून असतं.

(दृश्य : बकेट, अगदी जवळून.)

बकेटच्या ओठाला दात असतात. प्रत्येक दात खुंटीवर बसवलेला, आडव्या पिनने अडकवलेला. जांभा हे दात झिजवतो. सकाळी इंजिन सुरू होण्याआधी हेल्पर ग्रीस मारतो आणि दात मोजतो. झिजलेल्याची पिन हातोडीने ठोकून काढायची, नवा चढवायचा. मोजणी चुकवून चालत नाही. सुटलेला दात खनिजाबरोबर टिपरमध्ये पडला आणि खनिज फोडणाऱ्या क्रशरपर्यंत पोचला, तर क्रशर अडकतो आणि सगळं काम खोळंबतं. पोलादाच्या एका तुकड्यासाठी रोज सकाळी कोणीतरी यंत्रापुढे ओणवा बसतो, हे आम्हाला दाखवावंसं वाटलं, कारण या उद्योगाच्या जाहिरातींत तो माणूस कधी दिसत नाही.

आता हात पाहू. बूम म्हणजे खांदा ते कोपर, आर्म म्हणजे कोपर ते मनगट, आणि बकेट म्हणजे पंजा. ही ताकद थेट इंजिनाची नाही. वीस टनी यंत्राचं इंजिन साधारण दीडशे अश्वशक्तीचं असतं आणि ते फक्त पंप फिरवतं. पंप तेलाला सुमारे ३५० बारपर्यंत दाब देतो. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दोन-सव्वादोन बार असतो. हे तेल सिलिंडरमध्ये शिरतं आणि दांडा पुढे रेटतं. चेन चालवणाऱ्या आणि वरचा सांगाडा फिरवणाऱ्या मोटरीही याच तेलावर चालतात.

(दृश्य : केबिनच्या आतून. ऑपरेटरचे दोन हात.)

डाव्या हाताच्या दांड्याने यंत्र फिरवायचं आणि आर्म आतबाहेर करायचा. उजव्या हाताने बूम वरखाली आणि बकेट मिटायची-उघडायची. चार हालचाली, दोन मनगटं. शिकाऊ माणूस त्या एकेक करतो. मुरलेला ऑपरेटर बकेट मातीतून निघते न निघते तोच यंत्र वळवायला लागतो, वळता वळता बूम उचलतो, आणि टिपरवर पोचेपर्यंत बकेट उघडायला लागलेली असते. पंपाचं तेल सगळ्या हालचालींत वाटलं जातं. एकीला जास्त गेलं की दुसरी मंदावते. किती ओढायचं आणि किती सोडायचं हे इंजिनाच्या आवाजावरून कळतं. हे ज्ञान कागदावर नाही. वर्षानुवर्षं हेल्परकी करून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये बसायला मिळालं तर शिकून, ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं आहे.

(दृश्य : वाफेच्या खोदयंत्राची जुनी छायाचित्रं.)

खोदणारं यंत्र तेलाच्या आधी वाफेवर चाललं. अमेरिकेत विल्यम ओटिस या तरुणाला १८३९ साली वाफेच्या फावड्याचं पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी तो वारला. रेल्वेचे भराव आणि पुढे पनामा कालवा अशाच वाफेच्या यंत्रांनी खोदला. त्या काळात बकेट ओढायला साखळ्या आणि दोर असत. तेलाचा जमाना दुसऱ्या महायुद्धानंतरचा. जर्मनीच्या डेमागने १९५४ मध्ये आणि फ्रान्सच्या पोक्लेनने १९६१ मध्ये संपूर्ण हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, चौफेर फिरणारी यंत्रं आणली. जपानच्या हिताचीने १९६५ मध्ये स्वतःच्या तंत्राने असं यंत्र घडवलं.

जपानचं नाव निघालं की गोष्ट गोव्यात येते. युद्धाने बेचिराख झालेल्या जपानला पोलाद हवं होतं आणि पोलादाला खनिज. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. खाणींत माणसं कुदळीने खणत आणि बायका पाट्या डोक्यावरून वाहत. १९५० नंतर जपानी खरेदीदारांनी यंत्रांसाठी पैसा पुढे केला आणि फेड खनिजातून होऊ लागली. लईराई देवीच्या शिरगावातली खाण यांत्रिकीकरणात सगळ्यांच्या पुढे होती. याच शिरगावच्या विहिरींचा आणि शेतांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की तळात पाणी साचतं, ते पंपाने उपसावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरी त्याची किंमत मोजतात. यंत्र आल्याने खाण खोल गेली. कुदळीने एवढं खोल कोणी जाऊ शकलं नसतं.

(दृश्य : मांडवी नदी. खनिज वाहणारे बार्ज.)

दुसरी लाट चीनची. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं, भुकटीसारखं. २००० नंतर चीनच्या भट्ट्यांनी तेही घ्यायला सुरुवात केली. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. त्या दिवसांत सत्तरी, डिचोली, सांगे इथे घराघरांत कर्ज काढून टिपर आले, काहींनी पोकलेनही घेतली. ज्या चीनला खनिज जात होतं, तिथेच सॅनीसारख्या कंपन्या जगातल्या बड्या यंत्र-उत्पादकांत मोडू लागल्या. सॅनीचा कारखाना आज पुण्याजवळ चाकणला आहे. जेसीबी तळेगावात, टाटा हिताची धारवाडला, म्हणजे गोव्याच्या अगदी शेजारी. रंग आणि नावं वेगळी असली तरी पोट उघडलं की अनेक यंत्रांत पंप जपानच्या कावासाकीचा निघतो. पहिल्या क्रमांकावरची कॅटरपिलर आणि दुसरी कोमात्सू यांचा धंदाही नुसत्या यंत्रविक्रीवर चालत नाही. पुढची अनेक वर्षं लागणारे सुटे भाग आणि देखभाल यांवर त्यांची मोठी कमाई असते.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्याने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं बंद. न्यायालयाचे निर्णय आम्हाला योग्यच वाटतात. बेकायदा उपशाने इथल्या नद्या आणि शेतं गाळाने भरली हे डोळ्यांनी दिसतं. पण हप्ता भरणाऱ्याच्या अंगणातलं यंत्र त्या काळात काय सोसत होतं, तेही पाहायला हवं.

(दृश्य : झाडीत उभं यंत्र. सिलिंडरचा दांडा.)

हा चकाकता दांडा क्रोमचा. यंत्र चालू असलं की तो तेलात भिजत राहतो. उभं राहिलं की गोव्याचा पाऊस त्यावर बसतो, क्रोमखाली गंज शिरतो, पृष्ठभाग खडबडीत होतो. मग एक दिवस यंत्र सुरू केलं की तोच दांडा रबरी सील कापतो आणि तेल गळू लागतं. बँकेचा हप्ता मात्र यंत्र उभं आहे म्हणून उभा राहत नाही. सरकारने कर्जदारांसाठी सवलती आणल्या, तरी कित्येक यंत्रं मातीमोल भावाने घाट चढून परराज्यांत गेली. वीस टनी यंत्रांना मोपाचा विमानतळ, झुवारीचा नवा पूल, महामार्गाचं रुंदीकरण इथे काम मिळालं. खाणीसाठी घेतलेल्या त्याहून मोठ्या यंत्रांना बाहेर फारसा वाव नव्हता.

२०२२ च्या अखेरीस खाणींच्या ब्लॉकचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमध्ये पुन्हा खोदाई सुरू झाली. आता आमचा आग्रह एका कामासाठी आहे, आणि तो या ऑपरेटरांशी बोलूनच तयार झाला. खणणं हे या यंत्राचं सोपं काम. मातीच्या ढिगाऱ्याला पाणी वाहून जाईल असा उतार देणं, पायथ्याशी चर काढणं, नाल्यातला गाळ त्याचे काठ न ढासळवता उचलणं, यासाठी सर्वांत मुरलेला हात लागतो. ते हात डिचोली-सत्तरीत आहेत आणि त्यांतले कितीतरी आज दुसरीच कामं करतात. खाणीच्या आराखड्यात खनिजाचे टन लिहिले जातात, तसे ढिगारे बसवण्याचे आणि नाले मोकळे करण्याचे यंत्रतासही लिहिले जावेत, त्यांचं भाडं आधीच बाजूला काढलं जावं, आणि ती कामं ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत, पहिल्या पावसाच्या आत पुरी व्हावीत.