आठाने भागायचे की दहाने?

(दृश्य : तपकीर गल्लीतील दुरुस्तीचे टेबल, त्यावर जुना मोडेम)

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दुकानांची शटर वर जाऊ लागतात, तेव्हा दुरुस्तीच्या एका टेबलावर हा करड्या रंगाचा मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून संगणकाची माहिती नेणारे-आणणारे यंत्र, ठेवलेला दिसतो. त्याच्या दर्शनी बाजूस बारीक दिव्यांची ओळ आहे आणि प्रत्येक दिव्याखाली दोन अक्षरे छापलेली आहेत : एसडी म्हणजे माहिती जात आहे, आरडी म्हणजे माहिती येत आहे, ओएच म्हणजे फोनची लाइन उचललेली आहे. तळाच्या स्टिकरवर "५६के" एवढेच लिहिले आहे. ५६ हजार कशाचे, हे तिथे लिहिलेले नाही.

(दृश्य : फळा, खडू धरलेला हात)

सदाशिव पेठेतील आपल्या घरी एक निवृत्त अभियंते तो राहिलेला शब्द फळ्यावर लिहितात : "बिट". शून्य किंवा एक, हा झाला बिट, आणि अशा आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत बी हे अक्षर लहान लिहिले की बिट आणि मोठे लिहिले की बाइट, असा संकेत आहे. देवनागरीत लहान आणि मोठी अक्षरे नसल्यामुळे आपण नुसते "एमबीपीएस" लिहितो तेव्हा तो संकेत पुसला जातो, आणि वाचणाऱ्याचा हिशेब थेट आठपटींनी चुकू शकतो. मराठीत हे दोन्ही शब्द पूर्णच लिहिले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे आणि आमचाही आहे.

आता ते दुसरी ओळ लिहितात : २,४०० भागिले १०. आठाने का नाही, असे आम्ही विचारले. सेकंदाला २,४०० बिटांच्या जुन्या मोडेमवर चूक-दुरुस्तीची सोय नसेल, तर प्रत्येक बाइटच्या आधी "अक्षर सुरू होत आहे" असे सांगणारा एक बिट आणि शेवटी "अक्षर संपले" असे सांगणारा एक बिट लागतो. आठ बिटांचा ऐवज पोहोचवायला दहा बिट खर्च होतात, आणि सेकंदाला २४० बाइट हाती येतात. पुढच्या मोडेमनी चूक-दुरुस्तीची पद्धत आपलीशी केली, तेव्हा दोन मोडेमांच्या मधल्या प्रवासात हे दोन जादा बिट गळाले आणि भाजक पुन्हा आठावर आला.

(दृश्य : तळहातावर फ्लॉपी, तिच्यावरील चिकटपट्टी)

या फ्लॉपीवर, म्हणजे माहिती साठवण्याच्या जुन्या चकतीवर, "१.४४ एमबी" (मेगाबाइट) असे छापले आहे. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावतात, आणि हा आकडा १,४४० गुणिले १,०२४ असा येतो. म्हणजे या एकाच "मेगा"च्या पोटात एकदा १,००० आणि एकदा १,०२४ दडले आहेत, तर मोडेमचा "किलो" मात्र नेहमी १,००० चाच असतो. आपल्याकडे कच्चा शेर आणि पक्का शेर एकाच नावाने बाजारात चालत, तेव्हा व्यवहाराआधी कोणता शेर ते विचारून घेत असत. तीच खबरदारी इथेही घ्यावी लागते. ही भरलेली फ्लॉपी त्या २,४०० बिटांच्या मोडेमने पाठवायची तर किती वेळ लागेल, हे काढण्यासाठी फळ्यावर १४,७४,५६० ला २४० ने भागले जाते आणि उत्तर येते ६,१४४ सेकंद, म्हणजे १ तास ४२ मिनिटे २४ सेकंद. आठाने भागले असते, तर हाच अंदाज वीस मिनिटांनी कमी आला असता.

(दृश्य : रुंद पट्टीची केबल आणि शेजारी साटाची अरुंद केबल)

संगणकाला डिस्क जोडणाऱ्या या रुंद केबलवरून एका वेळी १६ बिट शेजारी-शेजारी जात असत आणि तिच्या अल्ट्रा एटीए १३३ या प्रकाराच्या नावातील १३३ हा आकडा सेकंदाला मेगाबाइटचा होता. तिची जागा घेणाऱ्या साटा केबलवर बिट एकामागून एक जातात, त्यामुळे तिचा वेग बिटांत सांगितला जातो : पहिल्या पिढीत सेकंदाला १.५ गिगाबिट, तिसऱ्या पिढीत ६ गिगाबिट. सहाला आठाने भागून ७५० मेगाबाइट म्हणणारे पुष्कळ भेटतात; बरोबर उत्तर ६०० आहे. इथेही भाजक दहाच आहे, पण त्याचे कारण निराळे आहे. शून्यांची किंवा एकांची लांब रांग लागली, तर ऐकणाऱ्या टोकाचा ठेका चुकतो, म्हणून आठ बिटांच्या प्रत्येक गटासाठी दहा बिटांची अशी खूण निवडलेली असते की तिच्यात शून्य आणि एक पुरेसे बदलत राहतील. ज्या जोडणीवर हल्लीच्या एनव्हीएमई नावाच्या वेगवान डिस्क चालतात, तिने तिसऱ्या पिढीपासून हा खर्च १२८ बिटांमागे अवघ्या दोन बिटांवर आणला.

त्या करड्या मोडेमच्या ५६ हजार बिटांचे आठाने ७,००० बाइट होतात, आणि साटाचे ६०० मेगाबाइट, म्हणजे ६० कोटी बाइट, त्याच्या सुमारे ८५,७०० पट भरतात. बिटांना बिटांनी भागले असते, तर हेच गुणोत्तर १,०७,००० च्या वर गेले असते. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतील १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटांवर, विसंबलेल्या ग्राहकाच्या हाती सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात.

(दृश्य : फ्लॉपी ड्राइव्हचा हिरवा दिवा)

अभियंते फ्लॉपी आत सरकवतात आणि ड्राइव्हचा दिवा लागतो. आतली चकती सेकंदाला पाच फेरे घेते. एका फेऱ्यात ५१२ बाइटांचे १८ खंड, म्हणजे ९,२१६ बाइट वाचले जातात. दोन्ही बाजूंची प्रत्येकी ८० वर्तुळे धरून १६० फेरे होतात, आणि एकही फेरा वाया गेला नाही तर ३२ सेकंद लागतात. फळ्यावर त्याच्या वरच्याच ओळीत मोडेमचे ६,१४४ सेकंद अजून लिहिलेले आहेत.