ड्रमवादकाविना एक बँड: यंग मार्बल जायंट्स

नमस्कार. पंक या आक्रमक रॉक संगीताच्या लाटेनंतरच्या ब्रिटनमध्ये नवे बँड एकाहून एक चढ्या आवाजात वाजत असताना, फेब्रुवारी १९८० मध्ये ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीने ‘कोलोसल यूथ’ नावाचा अल्बम प्रसिद्ध केला, आणि त्यात ड्रमवादकच नव्हता. वेल्समधील कार्डिफच्या ‘यंग मार्बल जायंट्स’चा हा एकमेव स्टुडिओ अल्बम. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सम हे भाऊ व गायिका ॲलिसन स्टॅटन, एवढाच त्यांचा कारभार होता.

ड्रमऐवजी, नात्यातल्या एकाने घरी जुळवलेल्या रिदम मशिनचे ठेके ते कॅसेटवर भरून घेत आणि कार्यक्रमातही तीच कॅसेट लावत. स्टुअर्ट गिटारच्या तारा तळहाताने दाबून छेडतो, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच विझतो, आणि त्या मोकळ्या जागेतून फिलिपची बास गिटार गाण्याची चाल पुढे नेते. स्टॅटन सूर घोळवत नाही, की भावनेचे प्रदर्शनही मांडत नाही. याला नवखेपणा म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण इथे एखादे वाद्य जरी वाढवले, तरी बाकीच्यांनी जपून ठेवलेली जागा बुजून जाईल.

त्याच वर्षी आलेले ‘फायनल डे’ हे गाणे पाहा. विषय अणुयुद्धाचा, लांबी दोन मिनिटांहूनही कमी, आणि मागे एकच बारीक, उंच सूर अखंड चालू. स्टॅटन जगाचा शेवट ज्या निर्विकारपणे सांगते, त्याने अंगावर काटा येतो.

गाणी बहुतांशी स्टुअर्टची आणि ओळख मात्र स्टॅटनच्या आवाजाची, ही विभागणी फार काळ निभावली नाही. १९७८ मध्ये जमलेला हा बँड अल्बमनंतर लवकरच फुटला. स्टुअर्टने ‘द जिस्ट’ आणि स्टॅटनने ‘वीकेंड’ हा बँड काढून वेगळे मार्ग धरले.

पुढे ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने आपल्या आवडत्या अल्बमच्या यादीत ‘कोलोसल यूथ’ला स्थान दिले, आणि कोर्टनी लव्हच्या ‘होल’ या बँडने १९९४ मध्ये त्यातलेच ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ नव्याने गायले. ‘होल’ने मूळ गाण्यातली प्रत्येक पोकळी गिटारच्या गोंगाटाने भरून काढली आहे, तरीही चाल जागची हलत नाही. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्यात, तर स्टुअर्टच्या रचनेची बांधणी किती भक्कम होती, हे तुम्हालाच ऐकू येईल.